ट्रॅक्टर बसूनही खातो

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



लहान ट्रॅक्टरवर बोला, असा या बैठकीचा निरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, टायर आणि सुट्या भागांवरचा अठरावरून पाचवर आला, आणि तेव्हापासून विक्रेत्यांची माणसे आपल्या बांधावर मुक्कामालाच आली आहेत. द्राक्षाच्या नऊ फुटी ओळीतून जाणारा, उसाच्या सरीत भरणी करणारा, पंधरा-वीस एचपीचा हा ट्रॅक्टर घ्यावा की नाही, असे गावोगाव विचारले जाते. आम्ही चार घरांनी मिळून असा एक ट्रॅक्टर २०१२ साली घेतला. तेरा वर्षे तो आमच्या बारा एकर बागेत चालतो आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. आम्ही कुणाचे एजंट नाही, आणि जे सांगणार आहोत ते कुठल्याही रंगाच्या ट्रॅक्टरला लागू पडते.

आधी करकपातीचा हिशेब उरकून टाकू. बारा टक्के करासह चार लाखांना मिळणारा ट्रॅक्टर पाच टक्के करात तीन लाख पंचाहत्तर हजारांना मिळायला पाहिजे. पंचवीस हजार रुपये कमी. विक्रेत्याकडे करपूर्व किंमत वेगळी दाखवलेले बिल मागा. मूळ किंमतच वाढवून ठेवली असेल तर ती तिथेच दिसेल. आणि लक्षात ठेवा, डिझेल जीएसटीत नाहीच. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारने खुले केले, असे सांगितले गेले. दर खुले झाले, कर बांधलेलेच राहिले. मे २०२० मध्ये जगात तेल मातीमोल झाले होते, तेव्हा केंद्राने एका फटक्यात डिझेलवर लिटरमागे तेरा रुपये कर वाढवला. म्हणजे बाजार पडला त्याचा फायदा सरकारला, बाजार चढला त्याचा भार आपल्याला.

तासाचा हिशेब

आता मूळ मुद्दा. ट्रॅक्टर केवढ्याला पडला, असे विचारले की आपण बिलाची रक्कम सांगतो, फार तर हप्ता सांगतो. तासाला केवढ्याला पडतो, हे शंभरात पाच जण सांगू शकणार नाहीत. अवजारांचा खर्च काढण्याची भारतीय मानक संस्थेची १९७९ सालची पद्धत आहे, आयएस ९१६४ या क्रमांकाची. ती कृषी महाविद्यालयात आम्ही परीक्षेपुरती पाठ केली. तिचा खरा उपयोग बागेत आल्यावर कळला.

पद्धत सोपी आहे. समजा ट्रॅक्टर चार लाखांचा. दहा वर्षांनी दहा टक्के किंमत, म्हणजे चाळीस हजार, हाती राहतील असे धरायचे. उरलेल्या तीन लाख साठ हजारांचे दहा भाग केले की वर्षाचा घसारा छत्तीस हजार. गुंतलेल्या पैशावर व्याज धरायचे ते सरासरी किमतीवर, म्हणजे दोन लाख वीस हजारांवर. बारा टक्क्यांनी ते सव्वीस हजार चारशे होते. विमा, शेड वगैरे दोन टक्के, आठ हजार. एकूण सत्तर हजार चारशे रुपये. चावी फिरवली नाही तरी हा खर्च वर्षाला होतोच.

बैल बसून खातो म्हणून आपण बैल विकले. ट्रॅक्टरही बसून खातो, भावांनो. बैल कडबा खात होता आणि शेण तरी टाकत होता. हा व्याज खातो आणि काहीच टाकत नाही.

पुस्तकातल्या उदाहरणात ट्रॅक्टर वर्षाला एक हजार तास चालतो. त्या हिशेबाने बसून खाण्याचा खर्च तासाला सत्तर रुपये येतो. पण हजार तास चालवायला रान कुणाकडे आहे? २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर निघाले, म्हणजे सव्वातीन एकर. आमच्या वहीप्रमाणे द्राक्षाला फवारण्या, रोटाव्हेटर, शेणखताची वाहतूक धरून एकरी तीस ते पस्तीस तास लागतात. सव्वातीन एकरांचे झाले एकशे दहा तास. सत्तर हजार चारशेला एकशे दहाने भागा. तासाला सहाशे चाळीस रुपये, आणि अजून टाकीत डिझेल ओतलेले नाही.

भाड्याच्या ट्रॅक्टरशी तुलना अशी करायची. डिझेल तासाला दोन लिटर, नव्वदच्या भावाने एकशे ऐंशी. ड्रायव्हर शंभर. ऑइल आणि दुरुस्ती सत्तर. झाले साडेतीनशे. तुमच्या गावात भाडे तासाला सातशे असेल तर स्वतःच्या ट्रॅक्टरमागे तासाला साडेतीनशे वाचतात. सत्तर हजार चारशे भरून निघायला दोनशे एक तास काम पाहिजे. भाडे कमी असेल तर आणखी जास्त. दोनशे तास म्हणजे सहा एकर बाग. तेवढी नसेल तर एकट्याने ट्रॅक्टर घेणे हिशेबात बसत नाही. दारात उभा असला की बरे दिसते, सोयरीक जुळवायला उपयोगी पडतो, हे खरे आहे. पण ते या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे?

मग भाड्यानेच काम काढावे का? द्राक्षवाल्याला तेही जमत नाही. फुलोऱ्यात बाग असताना रात्री पाऊस झाला तर सकाळी औषध गेलेच पाहिजे. डाउनी घडांवर उतरल्यावर दोन दिवसांनी आलेला ब्लोअर काय कामाचा? आणि त्या सकाळी गावातल्या सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवा असतो. बागाईतदार ट्रॅक्टर घेतो तो भाडे वाचवायला नाही, ती एक सकाळ हातात राहावी म्हणून. तासाच्या हिशेबात हे धरता येत नाही, पण खरे कारण तेच आहे. म्हणून आम्ही चौघांनी मिळून घेतला.

चौघांत एक

लोक म्हणतात, सामाईक विहिरीवर डोकी फुटतात, सामाईक ट्रॅक्टरवर काय होईल? भांडणे झाली. पहिल्याच वर्षी नोव्हेंबरात पाऊस आला आणि चौघेही पहाटे शेडपाशी हजर. त्या दिवसापासून नियम केला: ज्याची बाग फुलोऱ्यात, त्याचा पहिला नंबर, दोघांच्या फुलोऱ्यात असतील तर ज्याची छाटणी उशिरा झाली त्याचा आधी, आणि शक्य तेवढ्या छाटण्या आठ-आठ दिवस मागेपुढे करायच्या. डिझेल ज्याचे त्याने भरायचे. ड्रायव्हर एकच. ज्याच्या त्याच्या पोरांच्या हाती दिला की क्लचप्लेट टिकत नाही, पाय क्लचवर ठेवूनच पोरे गाडी हाकतात.

सगळ्यांत महत्त्वाची वही. काम सुरू करताना आणि संपताना अवरमीटरचा आकडा लिहायचा. हा मीटर घड्याळावर चालत नाही, इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे हळू रेसवरच्या कामाचे तास तो कमी दाखवतो. आमच्या मीटरवर आज पाच हजार दोनशेच्या वर तास आहेत. दर तासाला डिझेलखेरीज ठरावीक रक्कम प्रत्येकाने वेगळ्या बँक खात्यात भरायची. तेच घसाऱ्याचे पैसे. चार लाखांचा ट्रॅक्टर वर्षाला तीनशे तास चालत असेल तर नुसत्या घसाऱ्याला तासामागे एकशे वीस रुपये बाजूला पडले पाहिजेत. हे खाते लग्नालाही फोडायचे नाही, असे आम्ही देवळात बसून ठरवले होते. दोन वर्षे भाव पडले तेव्हा खात्यात भरणा झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. ते पैसे कुणी उडवले नाहीत, द्राक्षाच्या भावातून ते आलेच नव्हते.

मोडतोड

तेरा वर्षांत क्लचप्लेट दोनदा, बॅटरी चारदा, मागचे टायर एकदा, पुढच्या एक्सलचे बुश, रेडिएटरचे पाइप असा खर्च झाला. इंजिन अजून उघडलेले नाही. त्याला कारण एअर फिल्टर. रोटाव्हेटरच्या धुळीत दर आठ-दहा तासांनी ऑइल बाथची वाटी काढून बघायची, गाळ दिसला की ऑइल बदलायचे. पन्नास-साठ रुपयांचे ऑइल वाचवणाऱ्यांची इंजिने आम्ही तीन हजार तासांत उघडलेली पाहिली आहेत. डिझेल बॅरलमधून घेत असाल तर ते आदल्या दिवशी निवळू द्या. रेडिएटरला बोअरचे पाणी घालू नका. क्षार बसले की उन्हाळ्यात गाडी तापणारच.

बागाईतदाराच्या ट्रॅक्टरला एक दुखणे जादा आहे. बोर्डो आणि गंधकाने पत्रा, नटबोल्ट आणि वायरींची टोके खाल्ली जातात. मोरचूद लोखंडाला लागला की लोखंड झडते, हे शाळेत शिकवलेले आहे. फवारणी झाली की त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर धुवा आणि वायरींच्या टोकांना ग्रीस लावा.

सुट्या भागांची गोष्ट वेगळी. एका नोव्हेंबरात हायड्रोलिकचे ऑइल सील गेले. जिल्ह्याच्या विक्रेत्याकडे ते नव्हते. मागवतो म्हणाला आणि अकरा दिवसांनी आणून दिले. सील कितीचे होते? दोनशे रुपयांच्या आतले. म्हणून ट्रॅक्टर घेण्याआधी सुट्या भागांचे पुस्तक, भागांच्या क्रमांकांसह, मागून घ्या. क्रमांक हाती असला की सील बेअरिंगच्या दुकानातही मिळते. विक्रेता पुस्तक देत नसेल तर तो तुम्हाला ट्रॅक्टर विकत नाही, गिऱ्हाईक म्हणून दहा वर्षांसाठी बांधून घेतो आहे, असे समजा. फिल्टर, फॅनबेल्ट, सीलचा संच आणि एक क्लचप्लेट ऑक्टोबरच्या छाटणीआधी घरात पाहिजे.

मायबहिणींना मुद्दाम सांगतो. ब्लोअर चालवणारा पीटीओचा दांडा मिनिटाला पाचशे चाळीस वेळा फिरतो. म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. पदर, ओढणी किंवा धोतराचा सोगा अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचे प्लॅस्टिकचे कव्हर फुटले की ते काढून फेकतात. नवे बसवल्याशिवाय ब्लोअर जोडू देऊ नका. कव्हर असले तरी दांडा फिरत असताना जवळ जाऊ नका. आणि ड्रायव्हर दिवसभर औषधाच्या धुक्यात बसतो. त्याला मास्क आणि हातमोजे देणे ही मेहेरबानी नाही.

कर्ज आणि बोजा

आमचे कर्ज पाच वर्षांत फिटले. तारण ट्रॅक्टर होताच, वर सातबाऱ्यावर बोजाही होता. रिझर्व्ह बँकेने शेतीकर्जाची बिनतारण मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख केली आहे. ट्रॅक्टरचे कर्ज त्याच्या वर जाते, त्यामुळे बँका जमीन मागतात. कर्ज फिटल्यावर काय करायचे ते नीट ऐका. डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत बँकेने कागदपत्रे परत करायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची. आरसी बुकावरचे बँकेचे नाव काढायला नमुना ३५ लागतो, त्यावर बँकेची सही घ्या. ट्रॅक्टर विकायला काढल्यावर हे आठवले की गिऱ्हाईक निघून जाते.

हा खर्च कुणाच्या हिशेबात?

द्राक्षाला आधारभूत किंमत नाही. पण हाच ट्रॅक्टर आपल्या सोयाबीनमध्ये, तुरीत, उसात जातो. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, ती ए२ अधिक घरच्या मजुरीवर. त्या ए२ मध्ये घसारा धरतात. ट्रॅक्टर, पाइपलाइन, विहिरीत गुंतलेल्या पैशाचे व्याज मात्र धरत नाहीत. ते फक्त सी२ मध्ये येते. स्वामिनाथन आयोगाच्या नावाने शेतकरी सी२ मागतात ते उगाच नाही. आता आपल्या उदाहरणाकडे परत या. सत्तर हजार चारशेपैकी व्याज सव्वीस हजार चारशे. शंभर रुपयांतले साडेसदतीस रुपये भाव ठरवताना पुसून टाकले जातात. बँक मात्र ते सोडत नाही, मार्चअखेरीला बरोबर मागते.

आमचा ट्रॅक्टर आणखी तीन-चार वर्षे चालेल. घसाऱ्याच्या खात्यात आज नव्या ट्रॅक्टरच्या निम्म्याहून थोडे जास्त पैसे आहेत. बाकीचे पुन्हा बँकेकडून काढायचे, की दोन घरे जोडून सहा जणांत घ्यायचा, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी उद्यापासून मीटरचे आकडे लिहायला लागा. डिझेल, दुरुस्ती, हप्ता आणि कुठल्या पिकात किती तास, एवढे चार रकाने पुरे. पुढच्या जिल्हा बैठकीला वही बरोबर आणा. तालुकावार बेरीज करू आणि ती घेऊन कृषी विद्यापीठातल्या उत्पादन खर्च काढणाऱ्यांकडे जाऊ. वही कोरी असेल त्यानेही यावे, पण मीटरचा आजचा आकडा पाठ करून यावे.