बियाणे कोणाच्या हाती?



परसबागेतील टोमॅटो हा विषय व्याख्यानासाठी किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरात एका पिकलेल्या फळातून पुढील वर्षाची रोपे निघतात, ते घर निदान एका वस्तूपुरते तरी बाजाराचे बांधील गिऱ्हाईक राहत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

टोमॅटोच्या फुलात परागीभवन बहुधा त्याच फुलातल्या त्यात घडते. त्यामुळे जुन्या, स्थिर वाणाचे बी पेरले की मूळ झाडासारखेच झाड येते. संकरित वाणाची पहिली पिढी भरघोस व एकसारखी असते. मात्र तिच्या फळातील बी पेरल्यास पुढच्या पिढीत गुण विखुरतात. साहजिकच शेतकऱ्याला दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. त्यासाठी कोणत्याही कायद्याची गरज पडत नाही. कुलूप बियाण्यातच बसविलेले असते.

‘गावरान’ या शब्दाने मात्र भुलून जाऊ नये. टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेत. तेथून मेक्सिको, युरोप आणि मग हिंदुस्थान असा त्याचा प्रवास. विदर्भात ‘भेदरे’ या नावाने तो इतका घरचा झाला की त्याचे परकेपण कोणी विचारीत नाही. बियाणे कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या हाती राहिले, हे महत्त्वाचे.

बाजाराला ट्रकचा प्रवास सोसणारे, सर्वांगी सारखे लाल होणारे फळ हवे असते. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की, फळ एकसारखे पिकावे म्हणून पैदासकारांनी निवडलेल्या जनुकीय बदलामुळे फळातील साखर घटते. देठाजवळचा जो हिरवा खांदा व्यापाऱ्याला दोष वाटतो, तोच गोडीला हातभार लावणारा!

बी धरण्याची रीत सोपी आहे. सर्वांत निरोगी झाडाचे उत्तम फळ स्वयंपाकघरात जाऊ न देता झाडावरच पूर्ण पिकू द्यावे. (हा मोह आवरणे हेच कामातील सर्वांत अवघड.) गरासह बी काचेच्या भांड्यात दोन-तीन दिवस ठेवावे. वर बुरशी येते, वास सुटतो, घाबरू नये. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्ये असतात. आंबल्याने ते आवरण सुटते आणि भरीव बी तळाशी बसते. ते धुऊन ताटलीत, सावलीत वाळवावे. कागदावर पसरू नये, चिकटते. कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ते चार वर्षे सहज टिकते.

संकरित वाणाचा सरसकट निषेध करणे मात्र अन्यायाचे होईल. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या पर्णगुच्छ रोगापुढे अनेक जुने वाण टिकत नाहीत. कर्ज काढून लागवड करणाऱ्या अल्पभूधारकाने जास्त उत्पादनाचे बी घेतले, तर परसबागवाल्या मध्यमवर्गाने त्याला उपदेश करू नये. त्याला दोन्ही पर्याय खुले हवेत, आणि त्यासाठी जुने वाण कोठेतरी जिवंत असावे लागतात. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी हेच केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच अट. चिमूटभर बी पुडीत बांधून, वर वाणाचे नाव व साल लिहून शेजारच्या घरी देण्यास अजून कोणाचा परवाना लागत नाही.