बातमी कळायला आधी विषय कळावा लागतो



यानंतरच्या नाटकातली मंडळी रंगून विंगेत उभी आहेत, म्हणून थोडक्यात बोलतो.

मघाशी बारावीच्या मुलांनी विचारलं, "सर, कॉलेजात पत्रकारितेत मेजर करू का?" शेजारच्या पालकांनी लगेच पुस्ती जोडली, "पण त्यात पोट भरतं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. गोव्यातल्या आपल्या पेडणे-डिचोली तालुक्यांतले बरेच वार्ताहर दुसरा कामधंदा सांभाळून बातम्या देतात. पूर्णवेळ जागा थोड्या, त्याही बहुतेक पणजीत. हे माहीत असूनही जायचं असेल, तर पुढचं ऐका.

आपल्या दोन तालुक्यांतल्या मोठ्या बातम्या कोणत्या? डिचोलीत खाणकाम. २०१२ मध्ये ते थांबलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाण-लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, नंतर खाणपट्ट्यांचे लिलाव झाले. पेडण्यात मोपा विमानतळ. २०२२ च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं आणि भोवतालच्या जमिनीचे प्रश्न आणखी तापले. या बातम्या लिहायच्या तर लीज म्हणजे काय, जमिनीचा एक-चौदाचा उतारा कसा वाचतात, मुंडकाराचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा, हक्क कुठवर जातो, हे कळायला हवं. नाहीतर मंत्री बोलले ते आणि आंदोलक बोलले ते, एवढंच आपण छापणार.

विषय जाणून लिहिणाऱ्यांची दोन उदाहरणं जवळचीच आहेत. पहिलं, शेजारच्या सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं. गणित, इतिहास, व्याकरण, कितीतरी विषयांत त्यांची गती होती. दुसरं, गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी 'राष्ट्रमत' दैनिकातून 'ब्रह्मास्त्र' हे सदर चालवणारे उदय भेंब्रे. ते वकील. त्यांची बाजू पटो वा न पटो, युक्तिवाद वाचावाच लागे.

म्हणून माझा सल्ला असा. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय घेता येतो. अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास, यांपैकी जो विषय मनापासून आवडतो त्यात मेजर करा आणि जिथे मिळेल तिथे पत्रकारिता मायनर घ्या. बातमीची पडताळणी, बदनामीचा कायदा, संपादन, कॅमेरा, हे शिकावंच लागतं. ते कमी लेखू नका. ज्यांना संपादन किंवा चित्रीकरणच करायचं आहे, त्यांनी खुशाल पत्रकारितेत मेजर करावं. मात्र पदवीच्या जोरावर कोणी बातमीदार होत नाही, हे त्यांनीही लक्षात ठेवावं.

पालकांनो, मुलांना अडवू नका. पण तीन वर्षांनी काय करणार, हे जरूर विचारा.

आणि मुलांनो, प्रवेशअर्ज भरण्याआधी एक करा. गावच्या पुढच्या ग्रामसभेला आईवडिलांबरोबर जा, शेवटपर्यंत बसा आणि घरी येऊन दोनशे शब्दांत लिहा. कोण काय बोललं, पैसा किती, निर्णय काय झाला. दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन त्यातला आकडा तपासा. हे करताना कंटाळा आला, तर दुसरा विषय निवडा. मजा आली, तर बेलाशक या. आम्हा बातमीदारांना तुमची गरज आहे.