शेजाऱ्याची पंगत



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या : गुरुग्रामात राहून आपण येथील झालो आहोत काय?

आपली भाकरी बाजरीची. येथील हिवाळ्यातील खिचडीही बाजरीचीच. श्रावणात शीतला सप्तमीला आपण चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खातो. येथे होळीनंतर बासोड्याला तोच नेम पाळतात, आणि येथील शीतला मातेच्या मंदिरी चैत्रात मोठी यात्रा भरते. धान्य तेच, देवीही तीच. मग शेजाऱ्याच्या पंगतीत बसताना संकोच कसला?

आपली मुले मराठीला पारखी होतील, ही आपली भीती खोटी नव्हे. परंतु संत नामदेव पंजाबात घुमान येथे राहिले, असे परंपरा सांगते. उत्तरेच्या भाषेतील त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्या पदांतही विठ्ठलाचे नाव आहेच. भाषा विसरते ती घरात न बोलल्याने. शेजाऱ्याचे अन्न गोड मानल्याने नव्हे.

तेव्हा येत्या बासोड्याला आपण शेजारी जाऊ या, आणि श्रावणातील सप्तमीला त्यांना आपल्या घरी बोलावू या.