काचेवरचा राजपुत्र

लहानपणीं दारावर येणारा बहुरूपी आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. एके दिवशीं तो फौजदार होऊन घरांतल्या माणसांस दरडावी. दुसऱ्या दिवशीं तोच वैद्य होऊन नाडी पाही. त्याचें कौशल्य नुसत्या वेषांत नसे. समोरच्यानें घटकाभर फसावें आणि खऱ्या फौजदाराशीं बोलावें तसें त्याच्याशीं बोलावें, यांत तें असे. आज मी अशाच एका बहुरूप्याविषयीं चार शब्द सांगणार आहें. हा आपल्या खिशांतल्या मोबाइलमध्यें राहतो, आणि तो सोंग घेतो एका जुन्या संगणकाचें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा पुतण्या चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. त्यानें आपला अँड्रॉइड फोन माझ्यापुढें धरला. दगडी तळघर, भिंतीवर पेटते पलिते, आणि पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण. तो धांवत सुटला, कड्यावर थांबला, आणि मीं त्याला तत्काळ ओळखलें. तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता. पुतण्या म्हणाला, “काका, बाबांना याची पहिली मोठी उडीच जमत नाहीं. ते म्हणतात, शिफ्टची कळ तुम्हींच दाबावी.”

याचा उलगडा करावयाचा तर मला तीस वर्षांहून अधिक मागें जावें लागेल. पुण्यांत आमच्या वडिलांच्या कचेरींत हिशेबासाठीं एक संगणक घेतलेला होता. सायंकाळीं कचेरी सुटली कीं दादा आणि मी त्याच्यापुढें बसत असूं. कळफलक एक आणि खेळणारे दोघे, म्हणून आम्हीं कामाची वांटणी केली होती. बाणांच्या कळा दादाच्या, शिफ्ट माझी. धांवणें आणि उडी मारणें बाणांनीं होई. जपून पाऊल टाकणें, कड्याला हातांनीं लोंबकळणें आणि तलवारीचा वार करणें हें शिफ्टचें काम. उडी दादाची आणि पकड माझी, असा तो व्यवहार होता. मी क्षणभर चुकलों कीं राजपुत्र खालच्या सुळ्यांवर पडे, आणि दादाचा हात माझ्या पाठीवर पडे.

हा खेळ जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणानें रचला. राजपुत्राची चाल खरी दिसावी म्हणून त्यानें १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धांवावयास, उड्या मारावयास आणि भिंतीला लोंबकळावयास लावलें, आणि त्याचें चित्रण केलें. मग एकेक चित्र समोर ठेवून त्यानें तें संगणकासाठीं गिरविलें. संगीत त्याच्या वडिलांनीं रचलें. १९८९ साली हा खेळ ॲपल टू या संगणकावर प्रसिद्ध झाला. आम्हीं खेळलों ती डॉसची आवृत्ति १९९० ची. गोष्ट साधी आहे. वजीर जाफरनें राजकन्येला एका तासाची मुदत दिली आहे; तेवढ्या अवधींत बारा टप्पे ओलांडून तिच्यापर्यंत पोहोंचावयाचें. मेलें तर त्या टप्प्याच्या आरंभापासून पुन्हां सुरवात. घड्याळ मात्र चालूच.

आतां तो फोनवर कसा चालतो तें पाहूं. डॉसच्या खेळाला हवा असतो इंटेलच्या जातीचा प्रोसेसर. फोनमधला प्रोसेसर बहुधा आर्म या जातीचा. त्याची आज्ञांची भाषाच निराळी. येथें आपला बहुरूपी पुढें येतो. त्याला इम्युलेटर म्हणतात. डॉसच्या खेळांसाठीं ‘डॉसबॉक्स’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तो २००२ साली प्रथम बाहेर आला, आणि पुढें त्याचीं रूपांतरें अँड्रॉइडवरहि आलीं. खेळ एक आज्ञा देतो. जुन्या यंत्रानें तिचें जें केलें असतें तेंच हा फोनच्या भाषेंत करून दाखवितो. तो केवळ दुभाष्या नव्हे. जुना पडदा, जुनें ध्वनिकार्ड, आंतलें घड्याळ, या सर्वांचीं सोंगें तो एकटाच वठवितो. फोनमधल्या एका साध्या फोल्डरलाच ‘सी’ ड्राइव्ह म्हणून तो पुढें करतो. काळ्या पडद्यावर खेळाचें नांव टाइप केलें कीं बिचारा खेळ फसतो आणि आपण १९९० सालांतच आहों अशा समजुतीनें चालूं लागतो.

या सोंगांत दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. पहिली गति. सोंगाड्यानें एका क्षणांत किती आज्ञा पाळाव्या, हें आपल्याला ठरवितां येतें. फार थोड्या ठेवल्या तर संगीत अडखळतें; फार वाढविल्या तर फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. दुसरी गोष्ट पडद्याची. मूळ चित्र ३२० ठिपके रुंद आणि २०० ठिपके उंच होतें, परंतु त्या वेळच्या मॉनिटरवर तें चारास तीन या प्रमाणांत ताणून दिसे. ती दुरुस्ती चालू न केली तर राजपुत्र बुटका दिसतो, आणि फोनचा रुंद पडदा भरून टाकण्याच्या हौसेनें ताणला तर लठ्ठ.

इतकें सारें जमलें तरी पुतण्याच्या फोनवर माझाहि राजपुत्र पहिल्या पांच मिनिटांत तीन वेळां मेला. दोष सोंगाड्याचा नव्हता. काचेवर बाणांचीं आणि शिफ्टचीं चित्रें उमटतात, परंतु चित्राला कडा नसते. खरी कळ बोटाखालीं दबते आणि सुटते. तिच्याकडे पाहावें लागत नाहीं. काचेवर अंगठा केव्हां घसरला हें राजपुत्र पडल्यावरच कळतें. त्यांतून हा राजपुत्र माणसाच्या चालीनें चालणारा. धांव घेऊन उडी मारावयाची तर कडा येण्यापूर्वींच कळ दाबावी लागते, कारण डेव्हिडनें टाकलेलें पाऊल पुरें झाल्यावांचून तो दुसरें टाकीत नाहीं. हा अंदाज डोळ्यांचा नसून बोटांचा आहे, आणि तो कोणत्याहि फोल्डरमध्यें उतरवून घेतां येत नाहीं.

पुतण्यानें यावर तोड सुचविली. कांहीं इम्युलेटरांत हव्या त्या क्षणीं सारा खेळ गोठवून ठेवतां येतो. चूक झाली कीं त्याच क्षणापासून पुन्हां आरंभ. मूळ खेळांतहि तिसऱ्या टप्प्यापासून खेळ राखून ठेवण्याची सोय होती, परंतु ती टप्प्याच्या आरंभापासून, मधल्या उडीपासून नव्हे. मीं ही तोड करून पाहिली. प्रत्येक उडीपूर्वीं काळ थांबविला आणि एका दुपारीं बराच पुढें गेलों. परंतु कड्याशीं छातींत धडकी भरत नव्हती. एका तासाची मुदत जेथें मोडीत निघाली, तेथें राजकन्येची चिंता कसली वाटणार? जुन्या यंत्राचा प्रत्येक गुण बहुरूप्यानें इमानानें वठविला होता. नियम मीच मोडला होता.

येथें हक्काविषयीं एक शब्द सांगितला पाहिजे. खेळ जुना झाला म्हणून त्याचा धनी नाहींसा होत नाहीं. प्रत हक्काचीच असावी. आमच्या कचेरींतली फ्लॉपी कोठून आली होती हें त्या काळीं कोणी विचारीत नसे; आज विचारलेलें बरें. परंतु जपणूक हीहि एक जबाबदारी आहे. या खेळाची ॲपल टूसाठीं लिहिलेली मूळ आज्ञावली वर्षानुवर्षें हरवलेली होती. २०१२ साली मेक्नरच्या वडिलांना घरच्या कपाटांत जुन्या फ्लॉपी मिळाल्या, जाणकारांनीं त्या वाचून काढल्या, आणि ती त्याच वर्षीं सर्वांस खुली झाली.

या खेळाचा एक भाग मला राहून राहून आठवतो. चौथ्या टप्प्याच्या शेवटीं वाटेंत आरसा येतो. त्यांतून उडी मारतांच राजपुत्राची छाया बाहेर निघून पळते. पुढें ती त्याचें औषध पिऊन टाकते, त्याच्यापुढें दार लावून त्याला खालीं पाडते, आणि बाराव्या टप्प्यावर तलवार उपसून समोर उभी राहते. नव्या शत्रूचीं चित्रें ठेवण्यास संगणकाच्या स्मृतींत जागा उरली नव्हती, म्हणून मेक्नरनें नायकाचींच चित्रें वापरून हा शत्रु घडविला. त्याच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. आम्ही दोघे भाऊ तेथें किती दिवस मरत होतों! शेवटीं एकदां कंटाळून दादानें खालचा बाण दाबला, तलवार म्यानांत गेली, छायेनेंहि तलवार ठेवली, आणि दोघे एकरूप झाले.

मध्यंतरीं घराच्या वांटणीवरून दादांत आणि माझ्यांत अंतर पडलें होतें. मुलें येत जात. आम्हीं सणापुरतें बोलत असूं. या वर्षीं गणपतीला त्याच्याकडे जातांना मीं एक लहान कळफलक आणि तो फोनला जोडण्याची तार बरोबर नेली. आरती झाली, माणसें पांगलीं. पुतण्यानें फोन भिंतीला टेंकून उभा केला. दादानें चष्मा पुसला, बाणांवर बोटें ठेवलीं आणि माझ्याकडे न पाहतां म्हणाला, “शिफ्ट तूं घे.”

काळ गोठविण्याची सोय आम्हीं वापरली नाहीं. पांचव्या टप्प्यावर आमचा तास संपला. दादा म्हणाला, मघाची उडी त्याची बरोबर होती, पकड माझी चुकली. मीं तें कबूल केलें नाहीं.