कर्ज देशाचं, फेड कोणाची?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कर्ज म्हणजे काय, हे तुम्हाला शिकवायला मी आलेलो नाही. सात-बारावरचा बोजा तुम्ही रोज पाहता. आज देशाचा सात-बारा उघडून पाहू.

तुम्ही कर्ज रुपयांत काढता आणि फेडता कापूस विकून. दोन क्विंटलांत फिटणारं कर्ज भाव पडला की तीन क्विंटल मागतं. देशाचंही तसंच. कर्ज डॉलरमध्ये, कमाई रुपयांत.

१९८० नंतरच्या दहा वर्षांत सरकारने परदेशातून भरपूर उचल केली. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं, तेल महागलं, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेऊ लागले. मार्च १९९१ मध्ये परदेशी कर्ज सुमारे ८,४०० कोटी डॉलर होतं. जूनमध्ये गंगाजळी उरली ती जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती. नड आली की घरची लक्ष्मी पाटल्या काढून देते, तसं जुलैत सुमारे ४७ टन सोनं इंग्लंड-जपानच्या बँकांकडे गहाण पडलं.

त्याच महिन्यात रुपयाचं अवमूल्यन झालं. २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. एक पैसाही नवा न घेता शंभर डॉलरचं कर्ज एकवीसशेचं सव्वीसशे झालं. तूट कमी करायची म्हणून खतांच्या किमती ४० टक्के वाढवल्या. ओरड झाली तेव्हा वाढ ३० वर आणली आणि अल्पभूधारकांना सूट दिली. उचल दिल्लीची, हप्ता खताच्या पोत्यात!

मग परदेशी कर्ज वाईटच का? नाही. विहिरीचं कर्ज, पाणी लागलं तर विहीरच फेडते. लग्नाचं कर्ज मात्र शेत विकून फेडावं लागतं. डॉलरचं कर्ज डॉलर आणणाऱ्या कामात गेलं तर भीती नाही. डॉलर आपला कापूसही आणतो. तरी मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एकाएकी बंद केली गेली आणि काही दिवसांतच ती बंदी मागे घ्यावी लागली. कर्जदाराने आपल्याच दुकानाला कुलूप लावावं, तसा हा कारभार!

म्हणून, नव्या कर्जाची योजना घेऊन कोणी गावात आला तर दोन प्रश्न विचारा. पैसा विहिरीत जाणार की मांडवात? आणि फेडायचे डॉलर कोणत्या मालातून येणार? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.