दख्खनचा दगड आणि आइसलँडचा रस्ता



"तुझ्या त्या आइसलँडच्या सहलीबद्दल दहा मिनिटं बोल," असं संयोजकांचं फर्मान आहे. दहा मिनिटांत तो देश मावत नाही, आणि मी फोटो दाखवायला लागले तर तुम्ही सगळे चहाकडे पळाल. म्हणून मी एकाच दिवसाबद्दल सांगणार आहे. बाकीचं भराभर उरकते.

आम्ही दोघंच गेलो होतो. गाडी भाड्याने घेतली आणि देशाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता, त्याला रिंग रोड म्हणतात, सुमारे १३०० किलोमीटर, दहा दिवसांत पुरा केला. गाडी मी चालवली आणि नकाशा ह्यांनी धरला. असं का, ते आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, स्टीअरिंग डावीकडे. पहिले दोन दिवस गिअर टाकायला माझा डावा हात दारावर आपटायचा. थिंगवेल्लिर पाहिलं. इ. स. ९३० पासून त्यांची लोकसभा तिथे उघड्यावर भरत असे, आणि अमेरिका व युरोपच्या बाजूच्या भूपट्ट्या तिथेच वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने एकमेकींपासून दूर सरकतात. दर पाच-दहा मिनिटांनी उसळणारं गरम पाण्याचं कारंजं पाहिलं, धबधबे तर किती पाहिले ते मोजायचं आम्ही सोडून दिलं.

आता तो दिवस. सकाळी विक गावाहून निघालो. पुढच्या हिमनदीच्या सरोवरात बोटीचं बुकिंग होतं, पैसे भरलेले, परत न मिळणारे. अंतर जेमतेम १९० किलोमीटर. पण वाटेत स्कायदारारसांदुर नावाचं काळ्या वाळूचं अफाट मैदान लागतं, आणि तिथल्या वाऱ्याबद्दल वेधशाळेने नारिंगी इशारा दिला होता. त्या देशात पावसापेक्षा, बर्फापेक्षा वाऱ्याला जास्त भितात. गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरून ठेवा, असं गाडी देणाऱ्याने आम्हाला दोनदा बजावलं होतं. वारा दार उलटं फिरवून मोडतो आणि उडती वाळू गाडीचा रंग खरवडून काढते.

सत्तर किलोमीटरवर किर्क्यूबायारक्लाउस्तुर नावाचं गाव आहे. (नाव एकदम म्हणायला मला चार दिवस लागले. तिथले लोक नुसतं क्लाउस्तुर म्हणतात.) तिथल्या पेट्रोलपंपापर्यंत येईतोच स्टीअरिंग हाताला ओढत होतं. मी गाडी बंद केली आणि म्हटलं, आज इथेच राहायचं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर पुरात जीप घालणारे. "भरलेले पैसे बुडवायचे? शंभर-सव्वाशे किलोमीटर तर राहिलंय!" मी म्हटलं, "तुम्हाला जायचं तर चालत जा. चावी माझ्याकडे आहे." लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर असं बोलता येतं. त्यानंतर तासभर कुणी कुणाशी बोललं नाही. दुपारी तो रस्ता बंद केल्याची पाटी लागली. तेव्हाही हे काही बोलले नाहीत आणि मीही नाही. सांगण्यासारखी गोष्ट इथून पुढे आहे.

करायला काही नव्हतं म्हणून गावाशेजारी 'किर्क्यूगोल्फ' बघायला गेलो. शब्दाचा अर्थ देवळाची फरशी. कुरणात साधारण ८० चौरस मीटरचा काळ्या दगडाचा तुकडा, पंचकोनी-षट्कोनी फरशा घट्ट बसवल्यासारखा. कुणी बसवलेल्या मात्र नाहीत. ती जमिनीत गेलेल्या बेसॉल्टच्या खांबांची डोकी आहेत. हे गुडघ्यावर बसून बाजू मोजू लागले. सहा, पाच, सहा, एक सात. आटलेल्या तळ्याचा चिखल तडकतो, तसा लाव्हा निवताना आकसतो आणि तडकतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी सांगितलं, मला माहीत आहे, आम्हाला बाई होत्या.

बाई, तुम्ही वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दाखवायचात. डोंगराच्या कडेचे ते टप्पे म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर, आणि 'ट्रॅप' हा शब्द मूळ स्वीडिश भाषेतल्या पायरीचा. आमच्यासाठी ते चार मार्कांचं उत्तर होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दगड, कुणाला त्याची धग लागणार?

तिथे लागते. गावात एक छोटी प्रार्थनामंदिराची इमारत आहे, योन स्टाइनग्रिम्सन या धर्मगुरूच्या स्मरणार्थ बांधलेली. ८ जून १७८३ रोजी लाकीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. लाव्हा नदीच्या पात्रातून गावाकडे येत असताना, २० जुलैला, या गृहस्थाने लोकांना चर्चमध्ये बसवून प्रवचन केलं. बाहेर आले तर लाव्हा थांबलेला. ह्यांचं मत, नदीच्या पाण्याने तो थिजला असणार. असेल. पण आत बसलेल्या माणसांना ते कुठे ठाऊक होतं? आणि लाव्हा थांबला तरी विषारी वायू थांबला नाही. गवतावर फ्लोरीन बसलं, ते खाऊन मेंढ्या मेल्या, मग दुष्काळ. देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. सकाळी ज्या मऊ शेवाळाच्या मैदानातून आम्ही "काय सुंदर!" म्हणत आलो, तोच तो लाव्हा होता.

संध्याकाळी हे म्हणाले, "आपला सह्याद्री असा हजारो पटींनी जास्त." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. सकाळच्या बोटीच्या पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला, रस्ता उघडला. त्या मैदानावरच्या नद्यांवर पूल झाले तेव्हा, १९७४ साली, हा रिंग रोड पुरा झाला. १९९६ मध्ये बर्फाखाली ज्वालामुखी फुटून पूर आला आणि पूल वाहून गेला. त्याच्या पिळवटलेल्या तुळया रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. ह्यांनी तिथे हिमनदीच्या सरोवरापेक्षा जास्त फोटो काढले.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जून ते ऑगस्टच्या दरम्यान जा, आणि थालीपिठाची भाजणी न्या, बाहेरचं जेवण फार महाग आहे. एकेरी पुलांवर घाई करू नका. आणखी काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. पुलांबद्दलचं ह्यांना विचारा, ते तिसऱ्या रांगेत बसलेत.