चित्रसंकलकाचा दिवस आणि रात्र

चित्रपटगृहांतून बाहेर पडलेला प्रेक्षक घरीं पोहोंचेपर्यंत नटनटींविषयीं बोलतो, गाण्याची चाल गुणगुणतो. थोडा जाणता असेल तर दिग्दर्शकाचें नांव घेतो आणि छायालेखकाची वाहवा करितो. परंतु "आज संकलन फार उत्तम साधलें होतें," असें म्हणणारा प्रेक्षक हजारांत एक सांपडला तरी पुष्कळ. यांत प्रेक्षकाचा दोष नाहीं. संकलकाची कलाच अशी आहे, कीं ती जितकी चांगली साधेल तितकी ती डोळ्यांना कमी दिसते. शिंप्यानें बेतशीर अंगरखा शिवला, तर लोक अंगरखा घालणाऱ्याला देखणा म्हणतात. शिवण उसवली म्हणजे मात्र शिंप्याची आठवण होते. संकलकाचें नशीब याच जातीचें आहे.

हा मनुष्य करितो तरी काय? चित्रपट हा कथेच्या क्रमानें सलग घेतला जात नाहीं. शेवटचा प्रसंग पहिल्या आठवड्यांत घेतात, नायकनायिकेची पहिली भेट शेवटच्या दिवशीं. एकच वाक्य नट आठ वेळां म्हणतो. कॅमेरा कधीं दूर असतो, कधीं अगदीं चेहऱ्याशीं भिडलेला. हे शेंकडों तुकडे संकलकापुढें येऊन पडतात. त्यांतला कोणता घ्यावा, तो कोठून सुरू करावा, कोठें तोडावा आणि त्याच्या पाठीमागें कोणता लावावा, हें ठरविणें हें त्याचें काम. भाषेंत शब्द सगळ्यांना उपलब्ध असतात. त्यांतून वाक्य होतें तें संधि, समास आणि विरामचिन्हें यांच्या योगानें. संकलक हा चित्रभाषेचा वैयाकरण होय. मात्र त्याचें व्याकरण पुस्तकांत कमी आणि कानांत व नाडींत अधिक असतें.

या कामाचें माप आंकड्यांनीं थोडेंसें कळेल. पडद्यावर एका सेकंदांत २४ चित्रचौकटी सरकतात. अडीच तासांच्या बोलपटांत अशा २ लक्ष १६ हजार चौकटी होतात. फिल्मच्या फितीवर ही लांबी १३,५०० फूट भरते. आणि ही झाली निवडलेली लांबी. १९७९ सालीं प्रदर्शित झालेल्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या अमेरिकन चित्रपटासाठीं सुमारें १२ लक्ष ५० हजार फूट फिल्म खर्ची पडली होती. एकामागून एक पाहूं म्हटलें तर ती पाहावयास २३० तासांहून अधिक वेळ लागता. पडद्यावर आले ते अडीच तासांच्या आंतबाहेर. त्या चित्रपटाच्या संकलकांपैकीं एक, वॉल्टर मर्च, यांनीं पुढें हिशेब केला, तेव्हां प्रत्येक संकलकाच्या वांट्याला दिवसाला सरासरी दीड सांधाही पुरता येईना! मग बाकीचा दिवस गेला कोठें? पाहण्यांत, जोडून पुन्हां सोडविण्यांत आणि न जोडण्याचा निर्णय घेण्यांत. पाथरवटाचें कौशल्य उडालेल्या कपच्यांवरून मोजतां येत नाहीं, तसेंच हें.

दोन तुकडे एकमेकांशेजारीं ठेविले म्हणजे काय चमत्कार होतो, हें १९२० च्या सुमारास रशियांतील लेव्ह कुलेशोव्ह यांनीं दाखवून दिलें. त्यांनीं एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याला एकदां सूपाची वाटी, एकदां शवपेटी आणि एकदां एक स्त्री, अशीं तीन चित्रें जोडलीं. चेहरा प्रत्येक वेळीं तोच होता. पण पाहणाऱ्यांना त्यांत भूक, शोक आणि अभिलाषा असे तीन निरनिराळे भाव दिसले. भाव नटाच्या मुद्रेवर नव्हता, तो सांध्यांत होता. हा प्रयोग म्हणजे संकलकाच्या सामर्थ्याचा दाखला आहे, तसाच त्याच्या जबाबदारीचाही. ज्याच्या हातीं इतकी शक्ति आहे, त्यानें ती प्रामाणिकपणें वापरली पाहिजे.

प्रारंभीं या धंद्याला कलेचा मान नव्हता. तें कात्री, डिंक आणि डोळ्यांची आग यांचें काम समजलें जाई. अमेरिकेंत तें पुष्कळदां स्त्रियांवर सोंपवीत. शिवणकामासारखेंच हें, असा त्यांत हिशेब. त्यांतूनच मार्गारेट बूथ यांच्यासारख्या कर्तबगार स्त्रिया पुढें आल्या. फितीचे तुकडे सांधण्यापासून त्यांनीं प्रारंभ केला आणि १९३९ ते १९६८ पर्यंत मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीच्या संकलनविभागाची सूत्रें सांभाळलीं. आपल्याकडे ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' झळकला, तेव्हां त्यामागें दादासाहेब फाळक्यांच्या घरचा सारा संसारच राबत होता. कोऱ्या फिल्मला कडेनें भोकें पाडण्यापासून रसायनें कालविण्यापर्यंतचीं कामें सरस्वतीबाई फाळके यांनीं शिकून घेतलीं होतीं. पडद्यामागचे हात विसरले जातात, याला आपला देशही अपवाद नाहीं.

साधनें पुढें पालटत गेलीं. १९२४ सालीं अमेरिकेंत मूव्हिओला नांवाचें यंत्र निघालें. त्यांतल्या लहानशा भिंगांतून संकलकाला चित्र हलतांना पाहतां येऊं लागलें. पुढें जर्मन बनावटीचीं स्टीनबेक टेबलें आलीं. खोलींत फितींच्या माळा लोंबत, हातांत पांढरे सुती मोजे असत, आणि तोडण्याची जागा मेणाच्या पेन्सिलीनें खुणावीत. एकदां कात्री चालली कीं ती चूक सांधावी लागे, म्हणून हात उचलण्यापूर्वीं मन दहा वेळां विचार करी. आतां संगणक आला आहे. १९९६ सालचा 'द इंग्लिश पेशंट' हा संगणकावर संकलित होऊन संकलनाचें ऑस्कर मिळविणारा पहिला चित्रपट. कात्री गेली, मोजे गेले. तोडलेलें एका बोटानें परत जोडतां येतें. परंतु जें सहज परत घेतां येतें, त्याचा निर्णय लवकर होत नाहीं. दिग्दर्शक म्हणतो, "आणखी एक प्रकार करून पाहूं." त्या एका प्रकारांतून दहा निघतात आणि पहांट होते.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतला आजचा संकलक डोळ्यांसमोर आणावा. अंधेरीच्या एखाद्या इमारतींत, खिडकीवर काळा पडदा ओढलेली, थंड हवेची एक खोली. सकाळीं अकराच्या सुमारास तो तेथें शिरतो तो सूर्याचा निरोप घेऊनच. त्याच्या आधीं त्याचा मदतनीस आलेला असतो. आदल्या दिवशींचें चित्रीकरण त्यानें लावून ठेविलेलें असतें. प्रत्येक तुकड्याच्या आरंभीं वाजणाऱ्या पाटीचा आवाज आणि त्या पाटीचीं फळकुटें मिटल्याची चौकट, हीं दोन्हीं बरोबर जुळविणें हें त्याचें पहिलें काम. मग संकलक पाहावयास बसतो. जाणता संकलक पहिल्या वेळीं कांहींच तोडीत नाहीं. तो फक्त पाहतो, आणि जेथें आपलें मन हललें तेथें कागदावर खूण करितो. पहिल्या दर्शनाचा हा अनुभव पुन्हां मिळणार नसतो, आणि प्रेक्षकाला तर चित्रपट बहुधा एकदांच पाहावयाचा असतो.

दुपारीं दिग्दर्शक येतो आणि खरा वाद सुरू होतो. "हें दृश्य काढावयाचें? अहो, तीन रात्री पावसांत भिजून घेतलें आहे तें!" संकलक शांतपणें म्हणतो, "साहेब, तुम्ही भिजलांत हें मला ठाऊक आहे; प्रेक्षकाला ठाऊक नाहीं. त्याला एवढेंच दिसेल, कीं कथा येथें थांबली आहे." दिग्दर्शकाच्या प्रेमांतून चित्रपट जन्मतो, पण प्रेमाला लांबीचें भान नसतें. तें भान ठेवणारा कोणी जवळ असावा लागतो, आणि तो रोष पत्करण्यास तयार असावा लागतो.

रोषापेक्षां अवघड असा एक प्रसंग या धंद्यांत वारंवार येतो. साठीच्या घरांतला एखादा रंगभूमीवरचा नट. चित्रपटांत त्याला एकच प्रसंग मिळालेला, दीड मिनिटांचा. काम त्यानें जीव ओतून केलेलें असतें. परंतु मध्यंतरापूर्वींचा भाग लांबतो आहे, आणि तो प्रसंग काढला असतां कथा धांव घेते, हें संकलकाला स्वच्छ दिसतें. तो प्रसंग तीन वेळां काढतो आणि तीन वेळां परत ठेवितो. पडद्यावरचा तो चेहरा एव्हांना त्याच्या घरच्या माणसासारखा परिचयाचा झालेला असतो. नटाची मात्र त्याच्याशीं ओळखही नसते. त्या नटानें शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलें असेल, नातवंडांना घेऊन तो पहिल्या खेळाला जाईल, आणि अंधारांत आपली वाट पाहत बसेल. शेवटीं प्रसंग जातो. कारण संकलकाची निष्ठा कथेशीं आहे. परंतु सज्जन संकलक तेवढ्यावर थांबत नाहीं. तो निर्मात्याच्या कचेरींत जाऊन सांगतो, "शुक्रवारच्या आंत त्यांना कोणी तरी फोन करा. त्यांचें काम वाईट होतें म्हणून काढलें नाहीं, हेंही सांगा. तुम्ही करणार नसाल तर मी करितों." कथेंतून मनुष्य वगळणें हें कसब झालें; वगळलेल्या मनुष्याची बूज राखणें हा धर्म होय.

संध्याकाळीं घरून फोन येतो. "अहो, आज तरी जेवायला घरीं याल ना?" "येतों, तुम्ही बसून घ्या," हें उत्तर पत्नीला पाठ झालेलें असतें. प्रदर्शनाची तारीख ठरली कीं घड्याळ संकलकाच्या मालकीचें राहत नाहीं. चित्रीकरणाला उशीर झाला, पैसा वेळेवर आला नाहीं, नट आजारी पडला, या सगळ्याची भरपाई शेवटच्या माणसाच्या झोपेंतून होते, आणि शेवटचा मनुष्य तोच असतो. डोळे चुरचुरतात, पाठ धरते. मुलगी जागी असतांना बाप घरीं नसतो आणि बाप घरीं असतांना मुलगी शाळेंत असते. या व्यवसायाचें कौतुक करतांना ही किंमत सांगितली नाहीं, तर तें कौतुक अपुरें ठरेल.

तरीही त्याच्या रात्री सर्वस्वीं रुक्ष नसतात. दोन वाजतां काम उरकलें, कीं मदतनिसाला घेऊन तो खालीं उतरतो. सायकलवरून चहा विकणाऱ्याकडे अर्धा पेला चहा, नाक्यावर भुर्जीपावाची गाडी, आणि रिकाम्या रस्त्यावर दिवसभर न मिळालेली हवा. मुंबईच्या लोकल गाड्या या वेळीं थोडे तास विसांवा घेतात. पहिली गाडी सुटेपर्यंत गप्पा रंगतात. सुट्टीच्या रात्रीं तो जुहूच्या पृथ्वी थिएटरांत किंवा पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहांत जाऊन बसतो. तेथें त्याला फार सुख होतें. कारण नाटकांत तोडावयाचें कांहीं नसतें. नट थांबला तर तो थांबा सोसावाच लागतो, आणि सभागृहांतील शांतता किती वेळ ताणली जाते, हें तो श्वास रोखून मोजीत राहतो. गाण्याच्या बैठकींतही तेंच. गवई समेवर येतो तो क्षण, आणि समेच्या अलीकडे तो जी जागा मोकळी सोडतो ती, यांतून संकलक जें शिकतो तें कोणत्याही यंत्राच्या माहितीपुस्तकांत नसतें.

त्याची सर्वांत मोठी रात्र मात्र शुक्रवारची. आपला चित्रपट लागला कीं तो तिकीट काढून शेवटच्या रांगेंत बसतो. त्याचे डोळे पडद्यावर नसतात, समोरच्या डोक्यांवर असतात. कोण खोकलें, कोण चुळबुळलें, कोणत्या क्षणीं अंधारांत भ्रमणध्वनीचे दिवे लुकलुकले, हें तो टिपीत असतो. आणि ज्या जागीं त्यानें सहा चौकटी अधिक ठेविल्या होत्या, म्हणजे पाव सेकंद, तेथेंच सारें चित्रपटगृह एकदम हंसलें, तर त्याचे सगळे जागर फिटतात. त्या हंशांत त्याचें नांव कोणी घेत नाहीं. त्याला त्याचें कांहीं वाटतही नाहीं.

मग त्याला आशा कशाची असते? बहुतेकांच्या मनांत एक सुप्त इच्छा असते, कीं कधीं तरी आपण स्वतः चित्रपट दिग्दर्शित करावा. ती अगदींच हवेंतली नव्हे. १९४१ सालच्या 'सिटिझन केन'चे संकलक रॉबर्ट वाइज यांनीं १९६५ सालीं 'द साउंड ऑफ म्यूझिक' दिग्दर्शित केला. डेव्हिड लीन हेही आधीं संकलकच. आपल्याकडे हृषीकेश मुखर्जी यांनीं १९५३ सालच्या 'दो बीघा जमीन'चें संकलन केलें आणि १९७१ सालीं 'आनंद' दिला. नागपूरचे राजकुमार हिरानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें संकलन शिकले. २००३ सालीं त्यांचा 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' आला. प्रभात कंपनीच्या जागेंत १९६० सालीं सुरू झालेल्या त्याच संस्थेंत शिकलेल्या रेणू सलुजा यांनीं मात्र संकलनांतच आपलें जीवित सार्थ केलें. 'जाने भी दो यारों' आणि 'परिंदा' यांसारख्या चित्रपटांना त्यांचा हात लागला; चार वेळां त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. २००० सालीं त्या निवर्तल्या तेव्हां त्यांचें वय पन्नाशीच्याही आंत होतें. दिग्दर्शक होणें ही बढती आणि संकलक राहणें ही हार, असा जो समज आहे, त्याला हें जीवन हेंच उत्तर होय.

श्रोतेहो, कथा संपली कीं उठून दाराकडे धांवण्याची आपणां सर्वांना संवय आहे. पुढल्या वेळीं दिवे लागेपर्यंत क्षणभर बसून राहावें. पडद्यावर नांवांची रांग वर सरकत असते. तींत संकलकाचें नांव येईल, त्याखालीं मदतनिसांचीं येतील. तीं वाचण्यास दोनतीन सेकंद पुरतात. ज्यानें आपल्या अडीच तासांतला एकही क्षण वायां जाऊं नये म्हणून महिनेच्या महिने रात्री जागविल्या, त्याला तेवढे सेकंद देणें कोणालाही जड जाऊं नये.